ठाव

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण काठावर बसलेल्या माणसानं केली असणार. होडीत बसलेल्याला त्या खळखळाटाचाच आधार असतो.

*

खोल पाणी काही सांगत नाही. वरून सपाट, आत काय ते त्याचं त्याला ठाऊक. उथळ पाण्याच्या पोटात गुपित टिकत नाही. खाली दगड असला की पाठीवर गाठ उठते. वाळूची रांग असली की बारीक सुरकुत्या पडतात. वाहत्या पाण्यावर दोन रेघा फाकलेल्या दिसल्या आणि त्यांचं टोक वरच्या अंगाला असलं, तर त्या टोकाशी काहीतरी गाडलेलं आहे. टोक खालच्या अंगाला असलं, रेघा तुमच्यापुढे मिटत गेल्या, तर ती वाट. आकृती एकच, फक्त तोंड फिरलेलं. लहानपणी मी ती हटकून उलटी वाचत असे.

*

माझं आजोळ गोमाईच्या काठचं. गोमाई सातपुड्यातून उतरते, शहाद्यावरून येते आणि प्रकाशाला तापीत शिरते. प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. तिथलं पांढरीचं टेकाड १९५५ साली पुरातत्त्व खात्यानं खणलं, तर खाली ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षं माणसं या दोन पाण्यांच्या बेचक्यात राहत आली. मोठ्या नदीचं पाणी आणि लहान नदीचा उतार, दोन्ही हाताशी.

‘उतार’ हा शब्द नीट पाहावा. नदी पायी ओलांडण्याजोगी झाली की तिला उतार पडला म्हणतात. तापाला उतार पडतो, तापीलाही पडतो. घरातल्यांना दोन्ही वेळा सारखंच हायसं वाटतं.

*

दिवाळीनंतर गोमाईत जेमतेम गुडघाभर पाणी राही. आजोबांचे एक दोस्त, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तापीतून आपली लहान होडी गोमाईच्या तोंडात घालत आणि काठचा चारा भरून आणत. दीड कोसाला दोन तास. चालत गेलं असतं तर लवकर पोचलो असतो, पण चारा डोक्यावर आला असता.

आबांच्या बांबूवर कोयत्यानं पाडलेल्या तीन खाचा होत्या. पहिली होडीच्या बुडाची, वीतभर. दुसरी त्यांच्या कमरेची. तिसरी गळ्याची. तिसरीच्या वर काहीच नव्हतं. बांबू अजून पुरुषभर उरायचा, पण तिथून पुढचं पाणी मोजून करायचं काय, असा त्यांचा हिशेब होता. बुडायला एक पुरुष पाणी पुरतं. दुसरा पुरुष मोजणं ही नुसती हौस.

बांबूचं खालचं टोक बोलतं, हेही त्यांनीच दाखवलं. वाळूवर ते किरकिरतं. दगडावर टक्क वाजतं आणि त्याचा झटका थेट खांद्यात येतो. चिखलात मात्र काहीच ऐकू येत नाही, नुसतं आत जातं. जिथं बांबू गप्प झाला तिथं आपण सावध व्हायचं. ‘पानी बोलस, आयक,’ असं ते अहिराणीत म्हणायचे आणि स्वतः दिवसभरात त्यापलीकडे फारसं बोलायचे नाहीत.

एकदा बांबू माझ्या हातात होता. चिखलात रुतला. होडी पुढे सरकली, मी बांबू धरून राहिलो. पाय होडीत, हात बांबूला, मध्ये पाणी वाढत चाललेलं. पडलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण चिखल गुडघ्यापर्यंत. आबांनी वल्ह्यानं होडी मागं आणली, मला वर ओढलं, बांबू हलवून हलवून काढला आणि एवढंच म्हणाले की बांबू रुतला की बांबू सोडायचा, होडी सोडायची नाही. बांबू परत येऊन घेता येतो.

पुढं नोकऱ्या, घरं, माणसं यांच्या बाबतीत यातलं होडी कुठली आणि बांबू कुठला, हे मला क्वचितच वेळेवर कळलं.

*

मुलताईपासून समुद्रापर्यंत तापी ७२४ किलोमीटर. खानदेशातून निघालेलं सगळंच अखेर सुरतेला जातं: पाणी, गाळ आणि माणसं. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेनं सुरत ते अमळनेर रूळ टाकले, आणि नदीला जे एका पावसाळ्यात जमायचं ते माणसाला एका रात्रीत जमू लागलं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज अहिराणी बोलत अख्खा दिवस काढता येतो. माझे वडील असेच आले, यंत्रमागावर लागले. गावी गेल्यावर कुणी विचारलं की इतक्या लांब कशाला गेलास, तर म्हणायचे, लांब कुठं, त्याच नदीवर आहे.

गाळ जिथं पाण्याचा वेग मरतो तिथं बसतो. वडिलांना हे सांगितलं असतं तर आवडलं नसतं.

*

सुरतेचं सगळं वैभव एका गैरसोयीवर उभं राहिलं. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे. मोठी गलबतं भरल्या पोटी शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती उत्तरेला सुवाळीच्या आडोशाला नांगरत आणि माल लहान होड्यांतून, पडावांतून, नाहीतर बैलगाड्यांतून शहरात येई. मोगल काळात हजला निघालेले लोक इथूनच जहाज गाठत; मक्काई पुलाच्या नावात ती मक्का अजून आहे. जगाचा व्यापार करणारं बंदर, आणि त्याच्या दारात ओहोटीला चिखल.

आपल्या शाळेत सुरत दोनदाच येते. १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराज दोन्ही वेळा जमिनीवरून आले, त्यामुळं नदीचा उल्लेख राहून जातो. शहराची पाण्याकडची बाजू नदीनंच राखलेली होती. जो येईल त्यानं एकतर घोड्यावरून यावं किंवा लहान होऊन यावं.

*

१६१२ च्या नोव्हेंबरात सुवाळीला इंग्रज आणि पोर्तुगीज यांची गाठ पडली. इंग्रजांच्या टॉमस बेस्टकडे दोन जहाजं, समोर पोर्तुगीजांची अवाढव्य गॅलियनं. त्या गॅलियनांपैकी काही लढाईत वाळूवर चढून बसली. पुढं भरतीनं ती सुटली, पण अब्रू वाळूतच राहिली. दुसऱ्या वर्षी इंग्रजांची वखार सुरतेत उभी होती. मोठ्या जहाजानं लहानाला खोल समुद्रात गाठावं. उथळात गाठलं तर त्याचं वजन शत्रूच्या बाजूनं लढू लागतं.

त्याच इंग्रजांना पुढं खोल पाण्याची ओढ लागली आणि १६८७ साली त्यांनी कारभार मुंबईला हलवला. कारणं बरीच होती, पण जहाज थेट बंदरात येतं हे कारण कुठल्याही व्यापाऱ्याला पटकन कळतं. मुंबईला खोल बंदर मिळालं, सुरतेला सवड मिळाली. सुरती माणसानं त्या सवडीतून जेवणाची जी कला काढली ती पाहता, तोट्यात कोण राहिलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

नदी बेटाशी फुटली की दोन्ही धारा उथळ होतात. १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेस इथं तापीकाठच्या फ्रेंच बागेत भरली आणि फुटली. व्यासपीठावर एक दक्षिणी जोडा येऊन पडला, त्याची चर्चा अजून संपलेली नाही. जहाल आणि मवाळ पुन्हा एका पात्रात यायला १९१६ उजाडलं. मधल्या वर्षांत दोन्ही धारांना खळखळाट होता.

*

उथळात घाई करू नये. हे सुभाषित वाटतं, पण साधी होडीची गोष्ट आहे. बुडाखाली पाणी कमी असताना इंजिन वाढवलं की होडी पुढं पळण्याऐवजी मागून खाली बसते. बुडाखालचं पाणी वेगानं मागं ओढलं जातं, त्यामुळं तिथला आधारच कमी होतो. जी होडी हळू गेली असती तर चार बोटं वरून गेली असती, तीच जोरात गेली की तळाला घासते. मागं लाट उंच उठते. बघणाऱ्याला वाटतं, काय वेग आहे.

सुरतेजवळच्या मगदल्ल्याचे होडीवाले काका हे दोन शब्दांत सांगतात: ‘उतावळ नहीं.’ शब्द गुजराती, पण मराठी कानाला दुभाषी लागत नाही. भरती दोन्ही भाषांत भरतीच. ओहोटीला मात्र ते ‘ओट’ म्हणतात. मधला ‘हो’ पाण्याबरोबर निघून गेला असावा.

*

कोकणात भरतीचं गणित तोंडी असतं. तिथीची पाऊणपट करा, वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, त्याचा हा हिशेब. सुरतेला हे गणित जसंच्या तसं चालत नाही. पाणी खंबातच्या आखातात शिरून, चढून, मग नदीच्या तोंडाशी येतं, त्याची वाट पाहावी लागते. पण आलं की खरं येतं. या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात उंच भरत्यांपैकी आहे. सकाळी जिथं मुलं चिखलात खेकडे शोधतात तिथं दुपारी घराच्या उंचीचं पाणी असतं.

म्हणून इथला नावाडी ‘पाणी किती?’ असं विचारत नाही. ‘कधी?’ असं विचारतो.

*

अनोळखी उथळात शिरायचं तर चढत्या पाण्यात. अडकलात तर नदीच सोडवते. उतरत्या पाण्यात अडकलात तर विचार करायला दोन मिनिटंही नसतात, पटकन उतरा आणि ढकला. उशीर केलात की सहा तास तिथंच. भरतीत अडकलेल्यानं विडी ओढावी, ओहोटीत अडकलेल्यानं धोतर वर करावं.

ज्या वाटेनं रुतलो त्याच वाटेनं मागं यायचं, कारण तेवढ्या वाटेवर पाणी होतं हे नक्की माहीत असतं. तरीही रुतलेला माणूस पहिल्यांदा पुढंच रेटतो. मी पाहिलेल्या शंभरातल्या शंभरांनी तेच केलं. त्यात मी धरलेला आहे.

*

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि शहराचा मोठा भाग नदी झाला. मी तेव्हा अडाजणला एका नातेवाइकाकडे अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी गल्लीत होडी आली. दूध, बिस्किटं, पाण्याचे पाऊच. होडी चालवणारे दोघं नदीवरचे अस्सल मच्छी, म्हणजे मासेमार. नदीत डोळे मिटून गेले असते, पण आमच्या गल्लीत पन्नास पावलांत तीनदा आपटले.

कारण रस्त्यावरचं पाणी हे सगळ्यात अवघड उथळ पाणी. ते वाहत नाही, म्हणून बोलत नाही. खाली दुभाजक आहे, उलटलेली स्कूटर आहे, कुणाचा ओटा आहे, झाकण निघालेलं गटार आहे, आणि वर सगळीकडं तोच चहासारखा रंग. गाठ नाही, सुरकुती नाही. बांबू टाकला तर डांबर टक्क वाजतं आणि पुढच्या हातभरावर काय हे कळत नाही.

शेवटी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गळ्याएवढ्या पाण्यातून पोहत आला आणि होडीच्या तोंडाशी बसला. त्याला सगळी गल्ली पाठ होती. डावीकडं घ्या, इथं डॉक्टरांची पायरी. आता सरळ. इथं थांबा, खाली हातगाडी आहे, माझीच आहे. तो हात दाखवी तसे मच्छी वल्ही मारत. अर्ध्या तासात होडी तीन गल्ल्या फिरली, कुठं घासलीसुद्धा नाही. कोणत्याही नकाशावर दुभाजकाची उंची किंवा हातगाडी नव्हती. रोज त्याच रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाजवळच ती माहिती होती.

पाणी ओसरल्यावर घराघरांत वीतभर गाळ. बायका तो फावड्यानं ओढून दारात टाकत होत्या. शेतकऱ्याच्या घरातून आलेली माझी आत्या त्यातली चिमूट बोटांत चुरून म्हणाली, माती चांगली आहे.

*

सिंगणपोरचा वियर-कम-कॉजवे १९९५ चा. हेतू सरळ: वरचं गोडं पाणी शहराला राखायचं, खालची खारी भरती अडवायची. दोन्ही झालं. त्या दिवसापासून शहरात दोन नद्या आहेत. वरची भरलेली, सपाट, ऐटीत, हिवाळ्यात जलपर्णीनं हिरवी. खालची दिवसातून दोनदा भरते, दोनदा उघडी पडते आणि दर भरतीला थोडा गाळ ठेवून घेते, कारण तो धुऊन नेणारं वरचं पाणी पावसाळ्याखेरीज येतच नाही. फोटो वरच्या नदीचे निघतात. नदी म्हणून मला खालचीच पटते. निदान ती कुठंतरी जाते.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस. सूर्याची मुलगी, शनीची बहीण. माहेरची मंडळी कडक. त्या दिवशी या काठापासून त्या काठापर्यंत तिला चुंदडी नेसवतात आणि चुंदडीचं टोक पलीकडं न्यायला होडीच लागते. पूल इतके झाले, पण साडी पुलावरून नेसवता येत नाही.

*

सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात. नानपुऱ्यात नावडी ओवारा आहे, चौक बाजाराकडे डक्का ओवारा. नावडी म्हणजे होडीच. आम्हा मराठी मंडळींना हे ओवारे गणपतीमुळं ठाऊक. आता तापीत विसर्जनाला बंदी आहे. लहान मूर्ती कृत्रिम तलावात, मोठ्या समुद्राला, क्रेननं. निर्णय योग्यच आहे. तरी गणपती बुडवायला खणलेल्या तलावाशी उभं राहिलं की चमत्कारिक वाटतं. त्याच्या चारी कडा दिसतात, तळ आधीच माहीत असतो. आपण देवाला निरोप देताना त्याला ठाव लागू नये, अशीच इच्छा असते ना?

*

ठाव लागणं आणि ठाव घेणं यात फरक आहे. पाय टेकले की ठाव लागतो. बांबू टाकावा लागतो तेव्हा ठाव घेतो. पहिल्यात सुटकेचा श्वास, दुसऱ्यात श्वास धरलेला.

*

गेल्या हिवाळ्यात मगदल्ल्याहून काकांच्या होडीतून वर निघालो होतो. मी, काका आणि त्यांचा बारा वर्षांचा भाचा. वळणाच्या बाहेरच्या अंगानं जायचं, कारण नदी बाहेरच्या काठाला खाते आणि आतल्या काठाला वाढते. आतल्या बाजूला जी गाळाची जमीन वाढते तिला इकडं भाठा म्हणतात. पलीकडच्या एका गावाचं नावच भाठा आहे. मला फोटो काढायचा होता, म्हणून मी त्यांना आतून घ्यायला लावलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे, आणि घेतलं.

बसली. आवाज न करता, जसं म्हातारं माणूस खाटेवर बसतं. काकांनी इंजिन बंद केलं. बांबू टाकला, आवाज नाही, चिखल. आम्ही तिघं एका बाजूला सरकलो, मग दुसऱ्या, होडी डोलवून पाहिली. चिखल खालून धरून ठेवतो, सरळ ओढलं तर सोडत नाही. डोलवून त्याची पकड सैल करावी लागते. पण पाणी आमच्यादेखत बोटभर उतरलं.

‘हवे बेसो,’ काका म्हणाले.

बसलो. तासाभरात होडीभोवती चिखल उघडा पडला, चकचकीत, ओल्या पाटीसारखा. त्यावर निवट्या निघाल्या. सुरतेत त्यांना लेवटा म्हणतात आणि चवीनं खातात. बोटाएवढी मासळी, डोळे डोक्यावर चिकटवल्यासारखे. पुढच्या परांवर रेलून सरकते, थांबते, गाल फुगवून बघते. एक होडीच्या अगदी बुडाशी आली. तिच्या मागं चिखलात तिच्या सरकण्याची बारीक रेघ उमटत होती, दोन्ही बाजूंना परांचे ठसे, शिवणीच्या टाक्यांसारखे. पाणी गेलं म्हणून तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं. भाच्यानं खाली हात घातला, ती बिळात गेली. त्यानं हात चिखलातून काढला तेव्हा कोपरापर्यंत करडा मोजा घातल्यासारखा दिसत होता, आणि तो स्वतःवरच खूश होता.

मी काकांना विचारलं, चिखलात बसणार हे माहीत असताना आत का घेतलंत. ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत. थोड्या वेळानं म्हणाले, ओट अर्धी झाली होती. मला घाई नव्हती. मग त्यांनी डबा उघडला. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, कांदा. तिघांत वाटला.

धारेत अजून वीतभर पाणी होतं. त्यात वरून कुठूनशी झेंडूची एक माळ आली, समुद्राकडं निघालेली. आमच्यासमोर येऊन तिचा वेग कमी झाला. मी तिच्याकडं पाहत होतो, पण पाहत असल्यामुळंच बहुधा मला कळलं नाही. ‘मामा,’ भाचा म्हणाला आणि चिखलाच्या हातानं दाखवलं. माळ थांबली होती. एका जागी हळूच गोल फिरली, जसं दारात आलेलं माणूस काहीतरी विसरलं म्हणून थांबतं. वारा नव्हता, लाट नव्हती, आवाज तर नव्हताच. मग ती शहराकडं निघाली.

काकांनी डब्याचं झाकण लावलं.